घनपाठ आणि मेंदूतील स्मृतीचे जाळे

वेदमंत्र मुखोद्गत राखताना माणूस विसरणारच, हे वैदिकांनी गृहीत धरले होते आणि पठणाच्या रीती त्याच हिशेबाने बांधल्या होत्या. संथा देताना गुरूने एकदा म्हणायचे व शिष्याने दोनदा, ही पहिली पायरी. त्यानंतर सलग मंत्राची संहिता, सुट्या शब्दांचा पदपाठ, दोन-दोन शब्दांच्या जोड्यांचा क्रमपाठ आणि मग जटा, घन यांसारख्या ‘विकृती’, म्हणजे शब्दांची ठरावीक उलटापालट. क, ख, ग असे तीन शब्द घेतले, तर घनपाठात ‘कख, खक, कखग, गखक, कखग’ एवढे झाल्यावर ‘ख’पासून तेच आवर्तन पुन्हा सुरू होते; शब्द उलटले की संधीही नव्याने करावे लागत असल्याने मधला शब्द गळाला तर पुढची जोडणीच अडते. अर्थाकडे मात्र या शिस्तीत बहुधा दुर्लक्ष झाले आणि स्त्रिया व ब्राह्मणेतर तिच्या बाहेरच राहिले.

महाराष्ट्रात या पाठांतराला राजाश्रय होता. मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली, वैदिक ब्राह्मणांना श्रावणात द्यायची दक्षिणा, 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर, पेशव्यांनी पुण्यात आणली. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्या रकमेचा काही भाग 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे दक्षिणा निधीतून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली आणि घोकणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याचा मान वाढला.

आता या पाठांतराकडे मेंदूच्या बाजूने पाहू. घनपाठी एकाच वेळी तीन शब्द मनात धरतो, ते उलटतो आणि उच्चारतो. तात्पुरते धरून ठेवण्याच्या कामात, म्हणजे कार्यकारी स्मृतीत, मेंदूचा कपाळामागचा अग्रभाग गुंततो. ध्वनी व भाषा कानशिलालगतचे भाग सांभाळतात आणि नव्या आठवणी टिकाऊ करण्यात हिप्पोकॅम्पस या आतल्या भागाचा मोठा वाटा असतो. स्मृती एका कप्प्यात नसून परस्परांशी जोडलेल्या अशा भागांच्या जाळ्यात असते. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये यजुर्वेदाच्या 21 पंडितांची इतरांशी तुलना करून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंडितांच्या मेंदूतील भाषा व स्मृतीशी संबंधित अनेक भागांत राखाडी द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, अधिक आढळले. हा फरक पाठांतराने घडला, की मुळात तशी घडण असलेलेच शेवटपर्यंत टिकले, हे अशा एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही, कारण मध्येच पाठशाळा सोडून गेलेले विद्यार्थी या मोजमापात येत नाहीत.