संगणकाचा प्रारंभ-विलंब

वीजपुरवठा सुरू केल्यापासून संगणक कामास सज्ज होईपर्यंत लागणारा वाजवीपेक्षा अधिक काळ. पीडीपी-८ (१९६५) या संगणकात प्रारंभीच्या आज्ञा दर्शनी फलकावरील स्विचांनी हाताने भरीत व उर्वरित आज्ञावली छिद्रित फितीवरून वाचली जाई. आयबीएम पीसीमध्ये (१९८१) हे काम कायम स्मृतीतील आज्ञावलीकडे आले. तथापि ती प्रारंभी स्मृती तपाशीत असल्याने स्मृतीबरोबर प्रतीक्षाही वाढे. पुढे चुंबकीय तबकडी हे विलंबाचे प्रमुख कारण ठरले. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास सु. ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या फायली वाचल्या जात असता वेगवान संस्कारकही ताटकळतो. विंडोज एक्सपीने (२००१) अशा वाचनाची नोंद ठेवून पुढील खेपेस ते आधीच व क्रमवार करण्याची सोय केली. लिनक्ससाठी २००४ मध्ये तयार झालेल्या बूटचार्टमुळे प्रत्येक क्रियेस लागणारा काळ आलेखात दिसू लागला. २००८ मध्ये इंटेलच्या दोन अभियंत्यांनी प्रत्येक टप्प्यास सेकंद वाटून देऊन फिरती तबकडी नसलेला एक लहान संगणक ५ सेकंदांत सज्ज करून दाखविला. यंत्राचे भाग बदलण्यापूर्वी विलंब नेमका कोठे होतो ते मोजणे, हेच निदानाचे मूलतत्त्व होय, असे यावरून दिसते.