विजेची प्रज्योत आणि पोलादाचा सांधा

लोखंडास लोखंड जोडण्याची विद्या फार जुनी आहे. दोन तुकडे भट्टीत पांढरे होईतो तापवावेत, ऐरणीवर एकावर एक ठेवावेत आणि घणाच्या घावांनी एकजीव करावेत, ही लोहाराची रीत शतकानुशतके चालत आली. परंतु जहाजाचा पत्रा किंवा आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर ऐरणीवर कसा मावणार? म्हणून एकोणिसाव्या शतकात पत्र्यांना भोके पाडून त्यांत रिव्हेट ठोकण्याची पद्धत रूढ झाली. तिने पत्रे एकत्र आले. एकजीव मात्र झाले नाहीत. ते कार्य विजेने केले.

विजेची प्रज्योत मनुष्याला दिसली ती त्या शतकाच्या आरंभीच. रशियात वासिली पेत्रोव्ह यांनी १८०२ साली, आणि त्याच दशकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी, कोळशाच्या दोन कांड्यांमधील फटीत वीज खेळवून डोळे दिपविणारा प्रकाश पाडला. तथापि बॅटरीच्या विजेवर कारखाना चालत नाही. डायनॅमो आल्यावरच प्रज्योत कामाला लागली. निकोलाय बेनार्डोस आणि स्तानिस्लाव्ह ओल्शेव्हस्की यांनी १८८५ साली ब्रिटनमध्ये पेटंट घेतले. त्यांच्या रीतीत विजेचे एक टोक कोळशाच्या कांडीला आणि दुसरे जोडावयाच्या धातूला लावलेले असे. १८८८ साली पेर्म येथील तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी घेतली. कांडी स्वतः वितळून सांधा भरू लागली. आजच्या वेल्डिंगचा पाया तो हाच.

या क्रियेचे मर्म दाब आणि प्रवाह या दोन शब्दांत आहे. उंचावरील टाकीतले पाणी ज्या जोराने खाली येऊ पाहते तो दाब. नळातून दर क्षणाला जितके पाणी वाहते तो प्रवाह. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. वेल्डिंगला इतका दाब नको, प्रवाह मात्र पुष्कळ हवा. म्हणून ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो आणि त्याच्या बदल्यात प्रवाह वाढवितो. प्रज्योत पेटण्यापूर्वी दाब साधारणतः ५० ते ८० व्होल्ट असतो. ती पेटताच तो २० ते ३० वर येतो. त्या वेळी ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या कांडीतून सुमारे १०० अँपिअर वीज वाहत असते. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. प्रज्योतीची उष्णता याच्या कितीतरी पट असते.

प्रवाह यंत्रावर ठरवून घेता येतो. दाब पुष्कळसा कारागिराच्या हातात असतो. कांडी दूर गेली की प्रज्योत लांबते, दाब वाढतो आणि थेंब इतस्ततः उडू लागतात. फार जवळ आली तर कांडी पत्र्याला चिकटते. कांडीच्या जाडीइतके अंतर राखावे, हा नवशिक्याचा पहिला धडा. प्रवाह कमी पडला तर धातू वरच्या वर साचतो. अधिक झाला तर पत्र्याला भोक पडते.

दाब आणि प्रवाह साधले तरी एक शत्रू उरतोच, तो म्हणजे हवा. तिच्यातील ऑक्सिजन व नायट्रोजन वितळलेल्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०४ साली गॉथेनबर्ग येथे कंपनी काढली आणि पुढील काही वर्षांत लेप दिलेली कांडी सिद्ध केली. लेप जळून वायूचे आवरण होते आणि मळीचा थर थंड होणाऱ्या सांध्याला झाकतो. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची यंत्रे खलाशांनी मोडून ठेवली होती. ती बहुतांशी विद्युत् वेल्डिंगने अल्पावधीत दुरुस्त झाली. १९२० साली ब्रिटनमध्ये ‘फुलगार’ हे रिव्हेटविरहित जहाज पाण्यात उतरले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगच्या जोरावर हजारो जहाजे बांधली. पण १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री, ओरेगनमधील पोर्टलंड येथे, ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना मधोमध दुभंगले. ना वादळ, ना शत्रू. काही सांधे सदोष होते हे खरे; पण दोष केवळ कारागिरांच्या माथी मारणे न्याय्य नव्हते. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, त्या जातीचे पोलादच थंडीत ठिसूळ होत असे. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेशी थांबे. एकजीव झालेल्या पत्र्यांत तिला अडविणारे कोणी नव्हते. मग डेकवरील हॅचचे काटकोनी कोपरे गोल करण्यात आले, चीर अडविणाऱ्या पट्ट्या बसविण्यात आल्या आणि अधिक चिवट पोलाद वापरात आले.

जे एकजीव होते त्याचे बळ एक होते, तसेच दुबळेपणही एक होते. म्हणूनच जाणता कारागीर मळी झाडून चकचकीत सांधा पाहिल्यावर तेवढ्यावर समाधान मानीत नाही; दाब आणि प्रवाह यांच्याइतकीच तो पोलादाच्या जातीचीही चौकशी करतो.