मंगळागौर रद्द झाली ते वर्ष

आपल्या मंडळाच्या वृत्तांताच्या वहीत २००९ सालच्या श्रावणाच्या पानावर एकच ओळ आहे : ‘साथीमुळे मंगळागौरीचा कार्यक्रम रद्द.’ स्मरणिकेच्या कामासाठी जुन्या वह्या चाळताना ती ओळ नजरेस पडली आणि त्या एका ओळीमागे केवढे रामायण घडले होते, ते सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. कोरोनाची साथ सर्वांच्याच लक्षात आहे. पण त्याच्या अकरा वर्षे आधी याच पुण्याने स्वाइन फ्लूच्या साथीचे भय साऱ्या देशाच्या आधी सोसले, हे आपण विसरत चाललो आहोत. नवीन सभासद भगिनींना तर ते ठाऊकही नसेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

तो आजार एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिका या देशांत प्रथम ध्यानात आला. माणसाच्या, पक्ष्यांच्या व डुकराच्या फ्लूचे अंश एकत्र होऊन एक नवाच विषाणू तयार झाला होता. त्याचे शास्त्रीय नाव एच१एन१. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. आपल्या देशात पहिला रुग्ण १६ मे रोजी हैदराबादला सापडला. तो अमेरिकेहून आलेला प्रवासी होता. तोपर्यंत आम्ही बायका नळावर म्हणत असू, ‘विमानाने फिरणाऱ्यांचा आजार तो, आपल्याला काय त्याचे?’ जुलैत पुण्याच्या शाळांतून मुलांना लागण झाली तेव्हा हे बोलणे बंद झाले.

आणि मग ३ ऑगस्ट उजाडला. दुसरा श्रावणी सोमवार होता. उपास सोडण्याची तयारी चालली असताना दूरदर्शनसंचावर बातमी आली की, पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी या आजाराने गेली. देशातला तो पहिला मृत्यू. घरात मुलेबाळे असलेल्या कोणत्याही आईला त्या रात्री झोप लागली नसेल. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. मी रात्रीतून तीनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढचे पंधरा दिवस गावाचे रूपच पालटले. पुणे स्टेशनजवळच्या नायडू संसर्गजन्य रुग्णालयापुढे सकाळपासून रांगा लागू लागल्या. साधी सर्दी झालेली माणसेही रांगेत, आणि खरी तापाने फणफणलेलीही त्याच रांगेत! एकमेकांच्या अंगावर खोकत उभे राहायचे, म्हणजे घरून आणला नसेल तर आजार तिथे मिळायचा. घशातील नमुने तपासण्यासाठी जात ते पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. ही संस्था १९५२ साली येथे स्थापन झालेली. सुरुवातीला अशी तपासणी देशात फारच थोड्या ठिकाणी होत असल्याने संस्थेवर कामाचा केवढा भार पडला असेल, याची कल्पना करावी. टॅमिफ्लू हे औषधही प्रारंभी सरकारी दवाखान्यांतूनच मिळे. शाळा-महाविद्यालये बंद झाली, चित्रपटगृहे नि मॉलही काही दिवस बंद राहिले.

औषधांच्या दुकानांतून मास्क दिसेनासे झाले. मिळाले तर दामदुपटीने. मग ज्याला जे सुचेल ते : हातरुमाल, उपरणे, ओढणी. पुण्याच्या मुलींना मात्र त्याचे काही वाटले नाही. स्कूटरवरून जाताना डोळ्यांखेरीज सारे तोंड बांधून घेण्याची त्यांची रीत आधीपासूनचीच. आजवर त्यांना नावे ठेवणारी मोठी माणसेच आता त्यांना गाठ कशी मारायची ते विचारू लागली!

अफवांनाही ऊत आला. फडक्यात कापूर-वेलदोडा बांधून हुंगावा, असे कोणीतरी सांगितले आणि घरोघरी पुरचुंड्या झाल्या. टॅमिफ्लू चक्रीफुलापासून करतात, अशीही बातमी आली. ती खोटी नव्हती. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्या चक्रीफुलातील शिकिमिक नावाच्या आम्लापासून ते औषध बनवीत असत. पण त्या आम्लावर कारखान्यात अनेक प्रक्रिया होतात तेव्हा कुठे औषध हाती येते. आम्ही मात्र चक्रीफूल पाण्यात उकळून मुलांना पाजत होतो. मुले तोंडे वाकडी करून पीत. गुण आला नाही, अपायही झाला नाही, एवढेच.

आता जे सांगावयाचे ते सांगताना थोडा संकोच वाटतो. आम्ही त्या वेळी शनिवार पेठेतील जुन्या वाड्यात राहत होतो. आता तेथे इमारत उभी आहे. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातील नऊ वर्षांच्या मुलीला ६ ऑगस्टला ताप भरला. तिचे वडील फिरतीच्या नोकरीवर, बाहेरगावी. दुपारपर्यंत बातमी वाड्यात पसरली आणि एकेक दार लागू लागले. नळावर त्यांची बादली दिसली की बायका आपली भांडी उचलून बाजूला होत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहिनी आमच्या दाराशी आल्या. मुलीला घेऊन नायडूत जायचे होते, तेथे किती तास लागतील ठाऊक नव्हते, आणि धाकटा दीड वर्षाचा मुलगा घरी होता. ‘तेवढा वेळ याला सांभाळाल का?’ असे त्यांनी दाराबाहेरूनच विचारले. मी दार उघडले नाही. आतूनच म्हणाले, ‘वहिनी, माझ्याही घरात लहान मूल आहे हो.’ त्या काही बोलल्या नाहीत.

सासूबाई आत देवपूजा करीत होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. पूजा आटोपून त्या उठल्या, पदर खोचला आणि चपला घालू लागल्या. मी म्हटले, ‘आई, तुम्ही जाऊ नका. तुमचे वय झाले, तुम्हाला बाधले तर?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, माझे काय व्हायचे ते होईल. पण ती पोर घेऊन रांगेत उभी राहील आणि तान्हे कडेवर असेल, हे मला बघवायचे नाही.’ त्या समोर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलाला घेऊन बसल्या. परत आल्यावर अंगणातच हातपाय धुऊन आत आल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्या रागातच नंतर त्यांनी मला त्यांच्या आजेसासूबाईंची हकीकत सांगितली. १८९७ च्या प्लेगात त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. रँडसाहेबाचे सोल्जर घरोघर शिरून रोगी शोधत, बुटांनी स्वयंपाकघरात नि देवघरात जात, बायकांचीही अब्रू राखत नसत. म्हणून लोक आपले आजारी माणूस लपवून ठेवीत. माळ्यावर, फडताळाआड, कोठेही. लपविल्यामुळे रोग घरातल्या घरात पसरे. रँडवर २२ जून १८९७ ला प्राणघातक हल्ला झाला हे आपण शाळेत शिकतो, पण घरात लपविलेल्या त्या रोग्यांचे पुढे काय झाले ते कोणी शिकवीत नाही. आणि त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडून १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेले होते. एकाच गावात, एकाच साथीत, लपविणारेही होते आणि पाठीवर घेणारेही.

त्या प्लेगासाठी इंग्रजांनी केलेला साथीच्या रोगांचा कायदा २००९ सालीही पुण्यात वापरण्यात आला. मात्र या वेळी त्याच्या आधारे पालिकेच्या रुग्णालयांतून तपासणी केंद्रे उघडली गेली. नायडूवरचा ताण त्यामुळे हलका झाला. मग ऑगस्टच्या मध्यास सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट पाडले. सौम्य ताप असेल त्याने घरीच वेगळे राहावे, तपासणीची जरुरी नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांना औषध लवकर द्यावे. आणि ज्याला धाप लागते त्याने तत्काळ रुग्णालयात जावे. इतकी साधी गोष्ट, पण ती कळल्यावर लोकांचा अर्धा घोर गेला. नुसते ‘घाबरू नका’ हे आम्ही दहा दिवस ऐकत होतो. त्याने कोणाची भीती गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता मंगळागौरीकडे वळते. मंडळाची सामुदायिक मंगळागौर ११ ऑगस्टच्या मंगळवारी ठरली होती. पाच नवविवाहिता पूजेस बसणार होत्या. कार्यकारिणीच्या सभेत दोन तट पडले. व्रत मोडले तर त्या मुलींना काय वाटेल, असे काहीजणी म्हणत होत्या. तर जागरणाला साठ-सत्तर बायका एका दिवाणखान्यात फुगड्या घालणार, फुंकरी नि उखाणे होणार, हे परवडायचे नाही, असे इतरजणी. मतास टाकले तेव्हा एका मताने कार्यक्रम रद्द झाला. मुलींनी आपापल्या घरी पूजा केली. दोघी सभासद त्यावरून रुसल्या आणि वर्षभर मंडळात आल्या नाहीत.

पुढे डॉक्टरांचे अनुभव वाचावयास मिळाले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. या विषाणूने नेहमीच्या फ्लूपेक्षा तरुणांना अधिक गाठले, आणि गरोदर स्त्रियांना त्यापासून फार धोका होता. आपल्या त्या पाच मुलींपैकी एकीला तेव्हा दिवस गेलेले होते. दुसरी गोष्ट अशी की, १९५७ च्या आधी जन्मलेल्या पुष्कळांच्या अंगात जुन्या फ्लूमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती आधीच होती. सासूबाईंचा जन्म १९४३ चा. म्हणजे वाड्यात त्या मुलाला घेऊन बसण्यास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी नव्हते, आणि ‘तुमचे वय झाले’ म्हणून मी त्यांनाच अडवीत होते! अर्थात हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

समोरच्या मुलीचा तपासणीचा निकाल चार दिवसांनी आला. स्वाइन फ्लू नव्हताच, साधा पावसाळी ताप होता. वाड्याची दारे उघडली, नळावर पुन्हा गप्पा सुरू झाल्या. २३ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी गर्दी रोडावलेली होती. पुढल्या वर्षी जुलैत पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटने नाकात घालण्याची लस काढली, आणि १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती साथ संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेला नाही. दरवर्षीच्या फ्लूत तोही असतोच.

त्या वहिनी आजही आपल्या सभासद आहेत. मार्च २०२० मध्ये नायडूत कोरोनाचे पहिले रुग्ण दाखल झाले, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या घरीही तो आजार आला. दारावर पालिकेचा कागद लागला. चौदा दिवस दाराबाहेर खुर्चीवर डबा ठेवलेला असे, दोन्ही वेळचा. तो कोणाकडून येई हे मी विचारले नाही, कारण डब्याच्या झाकणावर कोरलेले नाव माझ्या ओळखीचे होते. २००९ सालाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. सासूबाई आता नाहीत. तेव्हा येथेच लिहिते : वहिनी, त्या दिवशी मी दार उघडावयास हवे होते.

वृत्तांताच्या वहीत २०१० च्या श्रावणाच्या पानावर मंगळागौरीची नोंद पुन्हा आहे. रुसलेल्या दोघीही आल्या होत्या. आदल्या वर्षी घरीच पूजा केलेली ती मुलगी पूजेस बसली, आणि तिची पाच महिन्यांची लेक रात्रभर आळीपाळीने साऱ्यांच्या मांडीवर झोपली.