चामडी पट्ट्यापासून शॉकअपपर्यंत : मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कची कथा

१/ पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील अनेक दुचाकीस्वार निरोपे आपल्या ट्रायम्फ मॉडेल एच मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कला चामडी पट्टा आवळून बांधत. हा पट्टा शोभेचा नव्हता. त्यामागे यंत्राचा एक दोष होता आणि स्वाराच्या जिवाचा प्रश्न होता. आजचा थ्रेड फोर्कच्या दुरुस्तीविषयी, आणि त्या दुरुस्तीतून दिसणाऱ्या इतिहासाविषयी.

२/ प्रथम फोर्कचे काम समजून घेऊ. सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तोच हा भाग. तो चाक धरतो, वळवतो आणि रस्त्याचे धक्केही सोसतो. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे मिळेल, त्याच्या थोडे मागे चाक टेकते. या अंतरास 'ट्रेल' म्हणतात. त्यामुळेच चाक आपोआप सरळ राहू पाहते. फोर्क वाकला की हे गणित बिघडते.

३/ १९१५ मध्ये आलेली मॉडेल एच ५५० सीसी वर्गातील, एका सिलिंडरची गाडी. युद्धकाळात अशा सुमारे ३०,००० गाड्या सैन्याला पुरवल्या गेल्या. तिचा फोर्क वर-खाली होत नसे, तो पुढे-मागे झुलत असे. हे झुलणे एका आडव्या स्प्रिंगने आवरलेले असे. खाचखळग्यांत ती स्प्रिंग तुटली तर फोर्कला आधार उरत नसे. अशा वेळी पट्टा फोर्कला धरून ठेवी.

४/ पुढील दोन दशके गर्डर फोर्कची होती. चाकाच्या दोन्ही बाजूंना नळ्यांचा ताठ सांगाडा, तो वर-खाली हलू देणारे आखूड दुवे आणि बहुधा मध्यभागी एक स्प्रिंग, अशी त्याची रचना. दुवे चार स्पिंडलांवर फिरत, स्पिंडल बुशांत बसत. सारे उघड्यावर असल्याने धूळ आणि चिखल थेट सांध्यांत शिरे.

५/ म्हणून गर्डरची दुरुस्ती हाताने आणि डोळ्याने होई. पुढचे चाक अधांतरी ठेवून फोर्क आडवा हलवला की झिजलेला बुश खडखडून स्वतःची जागा सांगे. मग नवे बुश बसवायचे, स्पिंडल बदलायचे, ग्रीस भरायचे आणि बाजूचा ढिलेपणा बेताने काढायचा. फार आवळले तर फोर्क अडे, सैल ठेवले तर हँडल थरथरे.

६/ १९३४ च्या सुमारास डेन्मार्कच्या निंबसने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे टेलिस्कोपिक फोर्क उत्पादनात आणला. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ ने त्याला तेलाच्या दाबाने धक्के शमवण्याची जोड दिली. ब्रिटनमध्ये १९४१ पासून मॅचलेस जी३/एल ही गाडी 'टेलिड्रॉलिक' फोर्क घेऊन सैन्यात आली.

७/ तरीही जुने लगेच संपले नाही. त्याच युद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनलेली बीएसए एम२० गर्डर फोर्कवरच धावत राहिली. युद्धकाळात नव्या सोयीइतकेच सातत्याने पुरवता येणारे आणि कुठेही दुरुस्त होणारे यंत्रही मोलाचे असते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना हे विसरले की 'नवे आले, जुने गेले' अशी खोटी सरळ रेषा तयार होते.

८/ टेलिस्कोपिक फोर्कने स्वाराला सुख दिले, पण दोष नजरेआड नेला. झीज आता तेलात, नळीच्या आत. किंचित वाकलेली नळी बाहेरून सरळच भासते. कारागिराला डोळ्यापेक्षा मापावर विसंबावे लागले. दुरुस्तीचे ज्ञानच बदलले.

९/ हे माप कसे घेतात? नळ्या सोडवून सपाट काचेवर लोळवतात. वाकलेली नळी डुलते आणि खालून उजेडाची फट दिसते. मग त्या 'टी'मध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या धरणाऱ्या खोबणीच्या तुकड्यात, परत बसवून त्यांच्यावर आडवी काच ठेवतात. काच चारही टोकांना टेकली तर नळ्या एका पातळीत आहेत. डुगडुगली तर पीळ आहे.

१०/ पीळ दिसला की लगेच घण उचलायचा नसतो. अनेकदा नळ्या सरळ असतात, फक्त टीमध्ये फिरलेल्या असतात. नट सैल करून त्या पुन्हा जुळवतात. एक्सल बसवल्यावर फोर्क काही वेळा दाबून सोडतात, म्हणजे पाय आपापल्या जागी येतात. मगच उरलेले बोल्ट आवळतात. हे न करता आवळले तर सरळ नळ्याही अडकत सरकतात.

११/ भारतातील दुवा बुलेटचा. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. १९७० च्या सुमारास मूळ ब्रिटिश कंपनीचे उत्पादन संपले, तरी येथील बुलेट चालूच राहिली. टेलिस्कोपिक फोर्क इथल्या गॅरेजांच्या अंगवळणी पडला. आज आपला मेकॅनिक ज्याला 'शॉकअप' म्हणतो, तो याच परंपरेतला.

१२/ आता खरा प्रश्न. जुन्या गाडीचा वाकलेला फोर्क पुरावा म्हणून जपायचा की सरळ करायचा? गाडी रस्त्यावर आणायची असेल तर तडजोड नाही. सुरकुती वा तडा असलेली नळी काढावीच लागते. गर्डरच्या ब्रेझिंगच्या सांध्याला बेफिकीर उष्णता देणेही घातक ठरते. इथे चूक झाली तर किंमत माणूस मोजतो.

१३/ पण काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्या, मापे लिहा, जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. अनामिक हातांनी केलेल्या जुन्या दुरुस्तीची नोंद करा. ट्रायम्फचा पट्टा कारखान्याच्या नकाशात सापडणार नाही. तो वापरणाऱ्यांच्या अनुभवातून आला. असे पुरावे पुनर्बांधणीच्या उत्साहात सर्वांत आधी कचऱ्यात जातात.