आयपीओच्या अर्जाची कुळकथा

सुरतजवळ तापीच्या मुखाशी, हजीऱ्याला, पेट्रोरसायनांचा कारखाना उभारण्यासाठी रिलायन्स पेट्रोकेमिकल्स ही कंपनी ऑगस्ट १९८८ मध्ये लोकांकडे पैसे मागायला आली. कागद होते रूपांतरक्षम कर्जरोख्यांचे, म्हणजे पुढे ज्यांचे शेअर व्हायचे असे. रक्कम सुमारे ५९३ कोटी; त्या काळाच्या मानाने प्रचंड. ‘इंडियन एक्सप्रेस’ने या इश्यूबद्दल प्रश्न उपस्थित केले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि असे लेखन छापायला तात्पुरती मनाई मिळाली. इश्यू भरून गेल्यावर, २३ सप्टेंबरला, न्यायालयाने मनाई उठवली आणि निकालात जनतेच्या माहितीच्या हक्काचा मोलाचा उल्लेख केला. हक्क मान्य झाला खरा, पण तोवर अर्जदारांचे चेक वटून गेले होते.

अर्जाची सगळी कुळकथा याच चेकभोवती फिरते. शेअर मिळेपर्यंत पैसा कोणाच्या खिशात राहायचा?

‘फॉर्म भरायची’ सवय मध्यमवर्गाला लागली ती सत्तरच्या दशकात. १९७३च्या परकीय चलन नियमनाच्या ‘फेरा’ कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. शेअर किती रुपयांना विकायचा हे १९४७च्या कायद्यानुसार दिल्लीतला भांडवल नियंत्रक ठरवी, आणि तो हात राखूनच ठरवी. त्यामुळे ज्याला शेअर ‘लागला’ त्याचा पहिल्याच दिवशी फायदा. १९७७ मध्ये रिलायन्सचा दहा रुपयांचा शेअर आला तेव्हा ही गोडी आणखी पसरली. छापील फॉर्म भरायचा, चेक जोडायचा, ठरलेल्या बँकेत टाकायचा आणि पोस्टमनची वाट पाहायची. दीड-दोन महिने सहज जात. शेअर नाही लागला तर रिफंड ऑर्डर येई. मधल्या काळातल्या व्याजावर मात्र पाणी सोडायचे. लाखो जणांकडून घेतलेले हे बिनव्याजी कर्जच होते, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नसे.

१९९२ मध्ये भांडवल नियंत्रकाचे पद गेले, किंमत ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार आले. त्याच सुमारास बँकांनी ‘स्टॉकइन्व्हेस्ट’ काढले. पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवायचे आणि शेअर मिळाले तेवढेच वळते करायचे. कल्पना चोख होती, पण कागदी कारभारात तिचा गैरवापर होऊ लागला आणि २००३ मध्ये ती योजना बंद झाली. माझ्या मते आजच्या अर्जाचा खरा पूर्वज हाच. त्याचे नाव आता कोणी काढत नाही.

मधल्या काळात, १९९६ला, शेअर कागदाऐवजी खात्यात नोंदवणारे डीमॅट आले आणि शेअर सर्टिफिकेटांची भेंडोळी गेली. पण लबाडीनेही नवे रूप घेतले. २००३ ते २००५ च्या इश्यूंमध्ये हजारो खोटी डीमॅट खाती उघडून छोट्या गुंतवणूकदारांचा राखीव वाटा लाटल्याचे सेबीने २००६ मध्ये उघड केले. त्यानंतर पॅनची सक्ती कडक झाली.

२००८ मध्ये सेबीने ‘अस्बा’ आणले. तेच जुने स्टॉकइन्व्हेस्ट, यंत्रावर चढवलेले. पैसे खात्यात गोठतात, व्याज आपले आपल्यालाच मिळते. १ जानेवारी २०१६ पासून हीच पद्धत सर्वांना बंधनकारक झाली, आणि २०१९ पासून मोबाइलवरचे यूपीआय जोडले गेले. पूर्वीच्या दोन महिन्यांच्या जागी आता इश्यू बंद झाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी शेअर बाजारात येतो.

दोन लाखांपर्यंतचा अर्ज ‘रिटेल’ गणला जातो. अर्ज फार झाले तर प्रत्येकाला किमान एक लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या शेअरचा गठ्ठा, देण्याचा नियम आहे. तेवढेही पुरत नसेल तर सोडत. तेव्हा एकाच नावावर दहा लॉटचा अर्ज करून सोडतीत नशीब काही दसपट होत नाही. पत्नीचा अर्ज तिच्याच पॅनवर, तिच्याच डीमॅटमधून आणि तिच्याच बँक खात्यातून करा. एका पॅनवर दोन अर्ज केलेत तर ते बाद होतात. यूपीआयची मंजुरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्या. आणि मंजुरीचे बटण दाबण्यापूर्वी माहितीपत्रकात एवढे नक्की पाहा, की तुमचा पैसा कारखान्यात जाणार आहे, की जुन्या भागधारकांच्या खिशात.