बुडालेल्यांचा अहवाल

शिरूर आणि दौंड या तालुक्यांची हद्द बऱ्याच लांबीपर्यंत भीमा नदीच आहे. रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते, पुढे घोड मिळते, आणि दौंड मागे पडलं की पाणी पसरू लागतं, कारण तिथून खाली उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या पाण्याबद्दल बोलताना महासागरातल्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा दाखला देणं ओढूनताणून वाटेल. तरीही तो द्यावासा वाटतो, कारण होडीतून माणूस पाण्यात पडला की पुढे काय होतं, याचा सर्वांत चोख लेखी इतिहास त्या शर्यतींनी जपला आहे. पाण्यावरची सुरक्षितता लाइफ जॅकेटच्या आधी चौकशीतून येते, हे त्या इतिहासावरून दिसतं. भीमेवर होड्या होत्या, आहेत, माणसंही बुडाली. चौकशीची ती सवय मात्र इथे कधी रुजली नाही.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून फास्टनेट शर्यतीसाठी ३०३ नौका निघाल्या आणि वादळात सापडल्या. शर्यतीतले १५ जण गेले. तोवर हा हौशी, बराचसा श्रीमंतांचा खेळ होता, आणि समुद्राने नेलं तर नेलं, अशी वृत्ती त्यातही मुरलेली होती. नौकानयनाच्या संस्थांनी मात्र नौकांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल छापला. खलाशाला नौकेशी बांधून ठेवणारे पट्टे आणि त्यांचे आकडे ऐन वेळी तुटले होते, ही त्यातली एक बोचरी नोंद. दुसरी त्याहून विचार करायला लावणारी: माणसांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी १९ नंतर सापडल्या. जीव वाचवण्यासाठी लोक रबरी तराफ्यांत उतरले, त्यातले काही तराफे उलटले, आणि सोडलेली नौका मात्र तरंगत राहिली. नौका खरोखर बुडेपर्यंत ती सोडू नये, हा धडा तेव्हापासून शिडाच्या शाळांत शिकवला जातो.

१९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत सहा जण गेले. ‘स्वोर्ड ऑफ ओरायन’ या नौकेवरचा ऑलिंपिक खलाशी ग्लिन चार्ल्स बांधलेला होता, पण पट्टा तुटला आणि तो वाहून गेला. त्याच वादळात ‘बिझनेस पोस्ट नायड’ उलटली, तेव्हा तिच्यावरचा एक जण पट्टा सुटेना म्हणून तिच्याखालीच अडकून बुडाला. एकाचा जीव पट्टा तुटल्याने गेला, दुसऱ्याचा न सुटल्याने. नुसतं ‘पट्टा बांधा’ म्हणून भागत नाही, हे अशा मृत्यूंतून कळलं. पट्टा किती ताण सोसतो, आणि छातीपाशी एका हाताने सुटतो की नाही, हे दोन्ही तपासावं लागतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर शर्यतीत समुद्रात पडलेला एक जण पट्टा बांधलेला असूनही नौकेपासून सुटला आणि गेला, कारण आकडा नौकेवरच्या दुसऱ्या भागात अडकून आडवा ताणला गेला आणि वाकला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने दोनेक महिन्यांत इशारापत्रक काढलं. कोण बेफिकीर होता, यापेक्षा आकडा कुठल्या दिशेने ओढला गेला, हा त्याचा विषय होता. इतकी कोरडी चौकशीच पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

तरी माणसं जायची थांबली नाहीत. मार्च २०१८ मध्ये व्हॉल्व्हो ओशन रेसमध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १,४०० सागरी मैलांवर जॉन फिशर पाण्यात फेकला गेला आणि सापडला नाही. त्याच्या अंगावर थंडीपासून वाचवणारा पोशाख होता, लाइफ जॅकेट होतं. जागा बदलताना पट्टा सोडलेला होता, नेमक्या त्याच क्षणी शीड फिरलं. एवढं करूनही हेच, तर अहवालांचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग असा की तो क्षण आता माहीत आहे. धोका सगळ्या प्रवासभर सारखा पसरलेला नसतो. तो पट्टा सुटतो त्या काही सेकंदांत साठतो, आणि नियम त्या सेकंदांसाठी करावे लागतात.

आता भीमेकडे येऊ. धरणापूर्वी ही नदी हंगामी होती. उन्हाळ्यात लोक पायी उतरत, पावसाळ्यात कोळी आणि भोई नावेने पलीकडे नेत. १८६८ साली मुंबई इलाख्यात नावांसाठी कायदा झाला. सार्वजनिक घाट ठरवणं, उतारूंचे दर, मक्ता असा त्याचा सगळा ढंग ठरावीक घाटावरच्या ठरावीक नावेला साजेसा होता. पुढे रस्त्यांचे पूल झाले आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यात नावाड्याचा धंदा आटला. १९८० च्या सुमारास उजनी पूर्ण झालं आणि चित्र उलटलं. ११७ टीएमसीच्या जलाशयाने जुन्या वाटा गिळल्या. समोर दिसणारं गाव सडकेने कितीतरी लांब झालं. मग जिथे वाट पाण्यात शिरते तिथे होडी उभी राहू लागली: मासेमारीची, गरज पडली तर माणसांची, कधी मोटारसायकलसकट. घाट सरकारने ठरवायचा, ही कायद्याची कल्पना मागेच राहिली.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. त्यात सात जण होते. एक पोलिस अधिकारी पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती. एनडीआरएफच्या शोधात मृतदेह सापडायला तिसरा दिवस उजाडला. अशा मृत्यूची पोलिस दप्तरी नोंद सहसा ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक पुस्तकात ‘होडी उलटून’ असा रकानाही असतो. म्हणजे मोजदाद होते. पण त्या रकान्यात वाऱ्याचा वेग, होडीच्या काठाची पाण्यापासूनची उंची, बसलेल्या माणसांचं वजन, यातलं काहीच मावत नाही. माणूस कशाने गेला याचं उत्तर मिळतं. होडी का उलटली, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नसतो.

त्याहून वाईट गोष्ट वाळूची. दौंड आणि शिरूरच्या भीमापात्रात चोरून वाळू काढणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल खातं पकडतं, जाळतं, जिलेटिनने उडवतं. त्याचे फोटो छापून येतात. नदीवरच्या बोटीकडे प्रशासनाचं सर्वाधिक लक्ष जातं ते असं, तिचा नाश करताना. त्या बोटींवर काम करणारा मजूर, बहुधा परगावचा, कागदावर कुठेच नसतो. काम बेकायदा, म्हणून त्याची सुरक्षितता हा विषयच उपस्थित होत नाही. आणि वाळू उपसून झालेले खड्डे पाण्याखाली राहतात ते वेगळेच.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा येईल. लाखो पौंडांच्या नौका कुठे आणि मासे धरणाऱ्याची होडी कुठे? पण फास्टनेटच्या अहवालातली मोलाची गोष्ट पैशाची नव्हती, प्रश्नावलीची होती. ती तलाठ्याला किंवा पोलिस पाटलालाही भरून घेता येते. दुसरा आक्षेप सवयीचा: उन्हात जॅकेट कोण घालतो, आम्हाला पोहता येतं. या भागात पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. अंगाला तरंगणारं काही बांधणं परकं कधीच नव्हतं. आणि पोहणारा वाचतो हे कुगावच्या घटनेत खरं ठरलं, पण सातांपैकी एकाच्या बाबतीत. कडेवर मूल असलेल्या माणसाला पोहण्याचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: पूल बांधा, होडीच नको. बरोबर आहे, पूल हवेतच. पण मासेमारी पुलावरून होत नाही, आणि पूल होईपर्यंतचे पावसाळे होडीतूनच काढायचे आहेत.

केंद्राच्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात, इंजिन नसलेल्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी, यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. तेव्हा भीमाकाठच्या वाचकांना एवढंच सांगणं: पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावच्या होड्यांची यादी मागा, आणि मागच्या वेळी होडी उलटली तेव्हा ती का उलटली, हे कुणी लिहून ठेवलं आहे का, तेही विचारा.