यंत्राआधीचा स्फोट

क्ष-किरण लेसरचा इतिहास वर्गात सांगताना मी यंत्रापासून सुरुवात करत नाही, कागदावरच्या एका स्फोटापासून करतो. २००० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या रिचर्ड नॉइट्झे, यानोश हायदू आणि सहकाऱ्यांनी लायसोझाइम या प्रथिनाचा एक रेणू संगणकावर फोडला. प्रश्न असा, की क्ष-किरणांच्या माऱ्याने रेणू विखुरण्याआधी त्याची छबी टिपता येईल का? किरणांचा स्पंद काही फेम्टोसेकंदांचाच असेल तर येईल, असं उत्तर निघालं. तेव्हा असा कठोर क्ष-किरणांचा लेसर जगात कुठेच नव्हता! कॅलिफोर्नियात, स्लॅक प्रयोगशाळेत, तो सुरू झाला २००९ साली.

मग हिशेब पडताळायची वेळ आली, आधी सुट्या अणूंवर. निऑन गुणी निघाला. २०१० मध्ये लिंडा यंग यांच्या गटाने एकाच स्पंदात त्याचे दहाही इलेक्ट्रॉन उडवून दाखवले. आतला इलेक्ट्रॉन जातो, बाहेरचा त्याच्या जागी उतरतो, मग तोही जातो. गणिताशी हे बरंचसं जुळलं.

झेनॉनने मात्र फजिती केली. दीड हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनांनी २७च्या आसपास इलेक्ट्रॉन सुटावेत, असा अंदाज होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ३६ सुटले होते. उरलेल्यांना थेट बाहेर फेकणं शक्य नव्हतं, पण वरच्या पातळीवर चढवता येत होतं, आणि तिथून ते निसटत होते. ही आडवाट समीकरणांत नव्हतीच. ती घातल्यावर शक्यता इतक्या फुगल्या, की सगळ्या मांडण्याऐवजी मॉन्टे कार्लो पद्धतीने फासे टाकून वाटा निवडाव्या लागल्या.

मला झेनॉनच जास्त आवडतो. परीक्षेत मुलं लिहितात ती निऑनवर.